डुगाँगवर काम करायचंय? आधी गवत मोजायला शिका

तुम्ही विचारलंय: "मी मालवणची, सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. डुगाँगवर संशोधन करायचं मनात आहे. ते नेमकं करतात कसं? त्यातून तो प्राणी वाचायला खरंच मदत होते का? आणि पोहणं बेताचंच येत असेल तर चालतं का?" पोहण्याचं शेवटी सांगते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की ती वेगळी काढता येत नाहीत.

मी गेली चौदा वर्षं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पाल्कच्या उपसागरात काम करते. इतक्या वर्षांत पाण्याखाली समोरासमोर जिवंत डुगाँग मला तीनदा दिसला. तिन्ही भेटी मिळून दोन मिनिटंही भरणार नाहीत. मेलेले डुगाँग मात्र त्याहून बरेच जास्त पाहिलेत. डॉल्फिनसारखं रोज काहीतरी बघायला मिळेल या आशेने येणारी मुलं पहिल्याच हंगामात कंटाळून परत जातात, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

प्राणी कसा आहे ते तुम्हाला माहीत असेलच, तरी थोडक्यात. तीन मीटरपर्यंत लांब, चारशे किलोच्या आसपास वजन, नात्याने हत्तीच्या जवळचा. समुद्रात राहून जवळजवळ केवळ गवतावर जगणारा सस्तन प्राणी. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खातो आणि दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला वर येतो. तमिळ कोळी त्याला 'आवुलिया' किंवा 'कडल पसु' म्हणजे समुद्रगाय म्हणतात, अंदमानात 'पानी सुअर' हे नाव ऐकू येतं. भारतात तो आता पाल्कचा उपसागर, मन्नारचं आखात, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी उरला आहे. सगळे मिळून दोनशेच्या आसपास असावेत असा अंदाज दिला जातो.

या दोनशे आकड्यावर जरा थांबू या, कारण संशोधन कसं करायचं हे तोच ठरवतो. मादी साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर पहिल्यांदा विते. गर्भ तेरा-चौदा महिने, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन बाळंतपणांत तीन ते सात वर्षांचं अंतर. आयुष्य सत्तर वर्षांपर्यंत जाऊ शकतं. सगळं काही उत्तम चाललं तरी अशी संख्या वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त वाढत नाही. माणसाच्या हातून मोठ्या माद्यांपैकी वर्षाला एक-दोन टक्के मेल्या तरी ती घसरायला लागते. आता दोनशेंत निम्म्या माद्या धरा, त्यातल्या लहान वगळा. वर्षाला एक मादी जाळ्यात मेली की मर्यादा संपली, दुसरी मेली की उतार सुरू.

आणि हा उतार तुम्हाला मोजून कळणार नाही. विमानातून किंवा ड्रोनमधून मोजणी केली तरी गढूळ पाण्यातले दिसत नाहीत, बुडी मारलेले दिसत नाहीत, दिसण्यासारखे असूनही निरीक्षकाच्या नजरेतून काही निसटतात. ऑस्ट्रेलियात हेलेन मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या दोन चुका, म्हणजे 'प्राणी दिसण्याजोगा नव्हता' आणि 'दिसण्याजोगा होता पण आपण पाहिला नाही', वेगवेगळ्या धरून आकडा दुरुस्त करण्याची पद्धत बसवली. तिथे हजारोंनी डुगाँग आहेत, तिथे ती चालते. आपल्याकडे संख्या इतकी विरळ की उत्तर "सव्वाशे ते सव्वातीनशेच्या मध्ये कुठेतरी" असं काहीतरी येणार. दोनशेचे दीडशे झाले तरी तो बदल त्या पट्ट्यात बुडून जातो. कळेल तेव्हा निम्मे गेलेले असतील. म्हणून "माझ्या प्रबंधाचा विषय: डुगाँगची गणना" असं कोणी म्हणालं की मी हात जोडते. मोजण्याजोग्या गोष्टी दोन आहेत, गवत आणि जाळी.

गवतापासून सुरुवात करू. सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं, जमिनीत आडवं पसरणारं खोड, पानं, फुलं, बिया सगळं असतं. पाल्कच्या उपसागरात बहुतेक ठिकाणी खोली दहा-बारा मीटरच्या आत, तळ मऊ, त्यामुळे उन्हाचा प्रकाश तळापर्यंत पोचतो आणि मैलोन् मैल कुरणं उभी राहतात. पण सगळी कुरणं डुगाँगला सारखी नसतात. नवख्या माणसाला एन्हॅलसचं हिरवंगार, कंबरेएवढं रान दिसलं की वाटतं, केवढी ही मेजवानी! डुगाँगच्या लेखी ती वाळलेली कडबाकाडी. त्याला लागते ती हॅलोफिला आणि हॅलोड्यूलसारखी बुटकी, नाजूक, कमी तंतूंची आणि नायट्रोजन जास्त असलेली जात, जी वरून पाहिली तर कुरण म्हणावंसंही वाटत नाही. तो पानं खुडत नाही, मुळासकट उपटतो, कारण पिष्टाचा साठा जमिनीखालच्या खोडात असतो.

त्यामुळे तो चरून गेला की मागे वाट उरते. साधारण वीतभर रुंद, काही मीटर लांब, जराशी वळणावळणाची, गवतातून कोणी नांगराचा फाळ फिरवल्यासारखी. ताजी असेल तर कडा तासल्यासारख्या तीक्ष्ण असतात आणि तुटलेली पांढरी खोडं कडेला लोंबत असतात. तळहात टेकवला तर आतली वाळू भोवतालच्या तळापेक्षा मऊ लागते. आठवड्याभरात कडा ढासळतात, गाळ बसतो, मग हॅलोफिलाची दोन-दोन पानं डोकावू लागतात. वाटेची रुंदी, लांबी, ताजेपणा, कोणत्या जातीतून गेली आणि कोणती जात टाळून गेली, एवढं नीट लिहिलंत तर प्राणी न बघताही तो कुठे, केव्हा आणि काय खातो हे कळतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत अशा अकरा वाटा आहेत, त्यातल्या चार बोटीचा नांगर ओढल्याच्या खुणा होत्या हे मला दुसऱ्या वर्षी समजलं. नांगराची खूण सरळ जाते आणि एका टोकाला खड्डा असतो. कासव चरलं असेल तर पानांचे शेंडे कापलेले दिसतात, मुळं जागच्या जागी असतात.

मोजणीची पद्धत सोपी आहे, शिस्त अवघड. जगभर चालणारी एक रीत अशी: पन्नास मीटरच्या तीन समांतर रेषा, एकमेकींपासून पंचवीस मीटरवर, आणि प्रत्येक रेषेवर दर पाच मीटरला अर्धा मीटर बाजूची चौकट. एका रेषेवर अकरा, तीन रेषांवर तेहतीस चौकटी. प्रत्येक चौकटीत गवताने किती टक्के तळ झाकलाय, कोणत्या जाती किती प्रमाणात, पानांची उंची, पानांवर बसलेलं शेवाळ, तळाची माती, आणि चौकटीचा वरून फोटो. खरी गोम टक्क्यांत असते. मी ज्याला चाळीस म्हणते त्याला माझा सहकारी साठ म्हणतो. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही काहीही नोंदवत नाही. सगळे एकाच चौकटीभोवती तरंगतो, पाटीवर आपापला आकडा लिहितो, बोटीत येऊन भांडतो, आणि नमुन्याच्या फोटोंशी ताडून परत पाण्यात उतरतो. हा एक दिवस वाचवला की पुढच्या तीन वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

सोबत पाण्याची पारदर्शकता मोजायची. त्यासाठी काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहितात. वेळ मोसमावर ठरते. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये मन्नारचं आखात खवळलेलं आणि पाल्क त्या मानाने शांत, ईशान्य मान्सूनमध्ये उलटं. आम्ही मुख्य पाहणी जानेवारी ते एप्रिलमध्ये उरकतो.

उपग्रहाबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण हल्ली प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो म्हणून सांगते. सेंटिनल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा एक ठिपका, दर पाच दिवसांनी नवं चित्र. दाट सायमोडोसियाची कुरणं त्यात चांगली दिसतात. विरळ हॅलोफिला मात्र दिसतच नाही, आणि डुगाँगचं ताट तेच. नुसत्या उपग्रहावरून नकाशा काढलात तर त्याला नको असलेलं गवत तुम्ही ठळक हिरव्या रंगात रंगवाल आणि त्याचं जेवण 'रेताड तळ' म्हणून सोडून द्याल. नकाशा काढा, पण पाण्यात उतरून पडताळल्याशिवाय कोणाला दाखवू नका. ड्रोन उपयोगी आहे, वारा पडलेला असताना आणि सूर्य पाण्यात चमकत नसताना. पण पाल्कमध्ये श्रीलंकेची सागरी हद्द जवळ, त्यामुळे परवानग्यांना उड्डाणापेक्षा जास्त वेळ लागतो हे वेळापत्रकात धरून ठेवा.

आता जाळी. डुगाँग मरतो तो बहुतेक वेळा कोणी मारायला गेलं म्हणून नाही. पाकट या चपट्या माशासाठी तळाशी लावतात ते मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं जाळं, इथे त्याला 'तिरुक्कै वलै' म्हणतात, रात्रभर पाण्यात राहतं. डुगाँग त्यात अडकला की श्वासाला वर येऊ शकत नाही आणि काही मिनिटांत बुडून मरतो. सकाळी जाळं ओढणाऱ्याच्या हाती येतो तो मेलेला डुगाँग आणि एक भीती, कारण हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बरेच जण गुपचूप कापून किंवा बांधून तळाला सोडून देतात. त्यामुळे किनाऱ्याला लागलेल्या मृतदेहांच्या संख्येवरून एकूण मृत्यू काढू नका. ती खालची मर्यादा समजा.

खरी माहिती लोकांकडे असते आणि ती मिळवायला मला वेळ लागला, त्यात चूक माझीच होती. पहिल्या वर्षी मी एका गावात खाकीतला वनरक्षक सोबत घेऊन मुलाखती घेतल्या. वाटलं, सरकारी माणूस बरोबर असला की लोक गांभीर्याने घेतील. बेचाळीस जणांना विचारलं, बेचाळीस जणांनी सांगितलं की आवुलिया त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी त्याच गावात एकटी गेले, वाळत घातलेल्या मासळीपाशी बसले आणि कावळे हाकलायला मदत केली. तिथल्या एका आजींनी विचारलं, "अक्का, ते पोटाखालचं मऊ मांस आता कोणी आणतच नाही, का गं?" आजींनी मग त्यांच्या नवऱ्याच्या, दिराच्या आणि मुलाच्या जाळ्यांची गोष्ट सांगितली. नकाशावर तीन जागा मला त्या दुपारी मिळाल्या. नंतरच्या हिवाळ्यात तिन्ही ठिकाणी बुडी मारली, दोन ठिकाणी चरण्याच्या वाटा सापडल्या.

मुलाखतीचे काही धडे. "डुगाँग दिसतो का?" असं विचारू नका. "शेवटचा कधी दिसला?" असं विचारा. साल विचारलंत तर अंदाजपंचे उत्तर येतं, म्हणून आठवणींच्या खुंट्या वापरा: २००४च्या सुनामीआधी की नंतर, २०१८च्या गाजा वादळाआधी की नंतर. फोटो दाखवताना त्यात इथे कधीच न आढळणारा एखादा प्राणी, म्हणजे सील किंवा मॅनाटी, मिसळा. त्यालाही "हो, इथे असतो" म्हणणाऱ्याची मुलाखत बाजूला ठेवा. आणि नाव लिहू नका. कोणाच्या जाळ्यात काय सापडलं हे तुमच्या वहीत नावानिशी असेल, तर ती वही उद्या कोणाच्या हातात जाईल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

मुलाखतींवर केलेलं काम कच्चं असतं असं कोणी म्हणालं तर त्यांना अंदमानकडे बघायला सांगा. एल्रिका डिसोझा, वर्धन पाटणकर, रोहन आर्थर, तेरेसा अल्कोव्हेरो आणि नचिकेत केळकर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात जुन्या नोंदी, मच्छीमारांच्या आठवणी आणि प्रत्यक्ष पाहणी एकत्र करून, डुगाँग कुठून नाहीसा झाला आणि कुठे टिकून आहे हे दाखवलं. एकही विमान न उडवता.

मृतदेह सापडला तर आधी वनविभागाला फोन. परवानगीशिवाय हातही लावायचा नाही, तुम्ही संशोधक असलात तरी. परवानगी असेल तर मान, शेपटी आणि वल्ह्यासारख्या पुढच्या पायांभोवती दोरीचे वळ शोधा, फुप्फुसात फेस आहे का पाहा, पोट उघडा. पोट ताज्या गवताने गच्च भरलेलं असेल तर प्राणी आजारी नव्हता, चरता चरता मेला. ते गवत बरणीत भरून ठेवा, जाती ओळखता येतात. सुळा कापून त्यातल्या थरांवरून वय काढता येतं, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं. कातडीचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला की जनुकीय कामाला होतो. वास मात्र दोन दिवस केसांतून जात नाही, लिंबू-बिंबू काही चालत नाही.

"यातून प्राणी वाचतो का?" गवताचा नकाशा आणि जाळ्यांचा नकाशा एकावर एक ठेवला की जिथे दोन्ही गडद होतात ती जागा धोक्याची. वाटाघाटी त्या जागेपुरत्या करायच्या असतात. अख्ख्या समुद्रात मासेमारी बंद करा असं म्हणणाऱ्याला इथे कोणी चहाही देत नाही. पण "अमुक दोन चौरस किलोमीटरमध्ये, अमुक तीन महिने, पाकटाचं जाळं रात्रभर सोडू नका" यावर पंचायत बोलायला बसते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ पासून चालवलेल्या कार्यक्रमात डुगाँग जाळ्यातून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांचा सन्मान होऊ लागला, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. त्यानंतर "कापून टाक"ऐवजी "सोड आणि फोन कर" हे वाक्य बोटींवर ऐकू येऊ लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूने अदिरामपट्टिनम ते अम्मापट्टिनम या पट्ट्यात ४४८ चौरस किलोमीटरचं देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, तेव्हा आधार होता तिथल्या १२,२५० हेक्टर सागरी गवताच्या नोंदींचा. ते गवत कोणीतरी चौकटी टाकून मोजलं होतं.

पण जाळी आवरली की झालं असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या हर्वी बेमध्ये १९९२ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन महापूर आणि एक चक्रीवादळ आलं. गाळाने पाणी काळवंडलं, प्रकाश तळाला पोचेना, आणि सुमारे हजार चौरस किलोमीटर गवत मेलं. १९८८ मध्ये तिथे सुमारे २२०० डुगाँगांचा अंदाज होता, १९९३ च्या अखेरीस सहाशे. कळपातल्या पिल्लांचं प्रमाण बावीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आलं. उपाशी मादी विण्याचं पुढे ढकलते. हे समजलं कारण १९८८ ची मोजणी हाताशी होती. आपल्याकडे उद्या कावेरीच्या मुखाकडून असा गाळ आला, तर "आधी किती गवत होतं" हे सांगणारी जुनी वही असली पाहिजे. कंटाळवाण्या तेहतीस चौकटी दरवर्षी त्याच जागी टाकायच्या त्या यासाठी.

गवत लावण्याच्या प्रकल्पांबद्दल माझं मत जरा कडू आहे. बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोरीने रोपं बांधून तळाला ठेवतात, पद्धत चांगली आहे, काही ठिकाणी रोपं छान धरलीही आहेत. पण गवत आधी गेलं कशामुळे याचं उत्तर नसताना लावलेलं गवत म्हणजे गळक्या हंड्यात पाणी. ट्रॉलर फिरतोय तिथे लावाल तर पुढच्या आठवड्यात बांबूसकट जाईल. फोटो मात्र लावण्याच्या दिवसाचा निघतो.

तुम्ही मालवणच्या. तुमच्याकडे डुगाँगांचा कळप नाही, पण हात बसवायला गवत आहे. कोकणच्या आणि गोव्याच्या काही खाड्यांच्या चिखलपट्ट्यांवर हॅलोफिला बेकारी नावाची बारीक जात उगवते, जगभरात धोक्यात आलेली. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या टी. जी. जगताप यांनी भारताच्या किनाऱ्यावरच्या सागरी गवताच्या ज्या नोंदी केल्या, त्या आजही पायाभूत मानल्या जातात. त्या वाचा, ओहोटीचं वेळापत्रक बघा, चौकट घ्या आणि एका खाडीत वर्षभर दर महिन्याला तेच तीन पट्टे मोजा. पाय गुडघ्यापर्यंत रुततील, चप्पल घालून जाऊ नका. शिंपल्यांना जाणाऱ्या बायकांना विचारा, चिखल कुठे घट्ट आहे ते त्यांना पाठ असतं. वर्षभराची अशी वही घेऊन जो उमेदवार येतो त्याला आम्ही दुसरं फारसं काही विचारत नाही.

आणि पोहणं. चालतं. मी आले तेव्हा मला विहिरीतलं पोहणं येत होतं, समुद्रातलं नाही. चौकटीचं बरंचसं काम ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात होतं, मुलाखती तर कोरड्या वाळूवर. पण खोल पाण्यातल्या रेषांवर उतरायचं असेल तर स्नॉर्केल लावून अर्धा तास न थकता तरंगता आलं पाहिजे आणि पाटीवर लिहिताना श्वास चुकता कामा नये. शाईचं पेन नेऊ नका. पाटीला शिसपेन्सिल दोऱ्याने बांधा, दोन बांधा, एक नेहमी तुटते.